हिरवा नकाशा, लाल बांध्या

लॅपटॉपवर नकाशा उघडला तेव्हा धानाच्या सगळ्या बांध्या हिरव्या दिसल्या. माझ्या हिशेबात हिरवा म्हणजे निर्धोक, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे क्षार. गडचिरोलीतल्या सूरजागड डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात, धान कापून झाल्यावर, चाळीस ठिकाणची माती घेतली होती आणि एकाही ठिकाणी आकडा ०.३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला नव्हता. ‘तुमच्या जमिनीला काही झालेलं नाही,’ असं ग्रामसभेत सांगून मी मोकळा झालो.

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं, “तुमचा यंत्र काय पायते जी?”

“मातीतलं मीठ, मामा.”

“मंग बराबर हाये. आमी मिठाचा कवाच म्हटलो नाही.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

हा मीटर मी चालवायला शिकलो तो खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि भारी काळ्या रानात पावसाचं पाणी मुरत नाही. तिथं मातीची विद्युत वाहकता मोजण्याला अर्थ आहे, कारण पाण्यात जितका क्षार विरघळलेला तितकी वीज सहज वाहते. पण तिथंही पहिल्या वर्षी मी तोंडघशी पडलोच होतो. ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त, ही रेषा अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ सालच्या पुस्तिकेत घातली आणि जगभर तीच चालते. मात्र ती रेषा मातीचा घट्ट चिखल करून त्यातून ओढलेल्या अर्काची आहे. शेतावर आपण एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ढवळतो. त्या पातळ पाण्याचा आकडा काही पटींनी कमीच येणार. मी तो थेट ४ च्या रेषेशी लावला आणि दोघांना बिनधास्त हरभरा पेरायला सांगितला. हरभरा उगवला तो डोक्याला चाई पडावी तसा. आपल्याकडच्या मृदा पत्रिकेत १ च्या आतला आकडा साधारण धरतात, तो या पातळ पाण्याचा. दोन्ही मापं एकाच वहीत लिहायची असतील तर शेजारी पद्धतही लिहा.

चोपण जमिनीनं तर दुसरी खूणही दिली होती. तिथं मीटर कमी आकडा दाखवतो, सामू मात्र साडेआठच्या वर जातो, आणि सोडियममुळं माती सिमेंटासारखी बसते. म्हणजे रान वाईट आणि मीटर खूश. हे पाहूनही मी तेच यंत्र घेऊन गडचिरोलीला आलो.

आल्या आल्या जीपीएसनं चांगलीच फजिती केली. अकोला नकाशाच्या ४३ व्या पट्ट्यात येतं. ७८ अंश रेखांश ओलांडला की ४४ वा पट्टा लागतो. माझ्या लॅपटॉपात जुना ४३ तसाच राहिला होता. सूरजागडचे सगळे बिंदू सहा अंश पश्चिमेला, थेट शिर्डी-श्रीरामपूरच्या बाजूला जाऊन पडले! अशी चूक परवडते, ती आपणहून ओरडते. न ओरडणारी चूक दहा मीटरांची. इथल्या बांध्या पाच-पाच गुंठ्यांच्या, धुऱ्यावर मोहाची झाडं. झाडाखाली उभं राहून बिंदू घेतला की तो शेजाऱ्याच्या बांधीत जातो, आणि मग माती एकाची, नाव दुसऱ्याचं. आता मी बांधीच्या मधोमध उभा राहतो, पडद्यावरचा अचूकतेचा आकडा खाली येऊन थांबेपर्यंत विडी ओढणाऱ्यांशी गप्पा मारतो, आणि हातानंही नकाशा काढतो. त्यात बांधीचं गावात चालणारं नाव असतं.

एक कबुली राहिली. दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर संपलं तेव्हा मी हापशाचं पाणी वापरलं. त्या दिवसाचे आकडे मातीचे किती आणि हापशाचे किती, हे आता देवच जाणे. तालुक्याच्या गावी, एटापल्लीच्या दुकानात, बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते चालतं. पण तेही आधी नुसतं मोजून पाहावं. रोज सकाळी १.४१३ च्या प्रमाण द्रावणात मीटर बुडवून खात्री करावी. तापमान एका अंशानं वाढलं तर आकडा साधारण दोन टक्के चढतो. दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारठा एकाच तक्त्यात बसवायचा तर आकडा २५ अंशांवर आणून देणारा मीटर हवा.

तर मामांचं म्हणणं. त्यांनी मला बांधीत नेलं, कुदळीचे दोन घाव घातले. वर बोटभर लाल, गुळगुळीत, तडे गेलेला थर. खाली त्यांची ओळखीची मोरांड माती. डोंगर लोहखनिजाचा. त्यातलं हेमॅटाइट पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत येतं आणि बसतं. विरघळलं नाही तर वीज वाहणार कशी? आणि जो थोडा क्षार असेल तो इथला पाऊस धुऊन नेतो. माझ्या मीटरला तो थर दिसणं शक्यच नव्हतं. पुढचा धोका तर आणखी वेगळा. धानाच्या साचलेल्या पाण्यात हवा संपली की लोखंडाचं रूप पालटतं, ते विरघळू लागतं, आणि आम्लधर्मी जमिनीत पानं तांबूस-तपकिरी पडू शकतात. डिसेंबरच्या कोरड्या मातीत ते कुठून दिसणार?

गाळ नेमका कुठून सुटतो, यावर गावात एकमत नव्हतं, आणि ते ठरवणं माझ्या यंत्राच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यावर मी काही बोललोही नाही. जमलं ते केलं. प्रत्येक बांधीत तीन जागी खणून थराची जाडी पट्टीनं मोजली, एक जागा पाणी शिरतं त्या तोंडाशी, एक मधे, एक पाणी सुटतं तिथं. वरचा थर आणि खालची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. दोन्ही मिसळून दिल्या असत्या तर प्रयोगशाळेकडून सरासरी आली असती, आणि सरासरीत थर हरवतो. सामू, सेंद्रिय कर्ब आणि पिकाला मिळणारं लोह, एवढंच तपासायला सांगितलं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी बाटलीत धरून रात्रभर ठेवायचं आणि तळाचा गाळ मोजायचा, हे काम गावातल्या पोरांनी घेतलं. बाटलीवर तारीख आणि त्या दिवशी पाऊस किती वेळ पडला ते लिहायचं ठरलं.

नवा नकाशा डेसीसायमनचा नव्हे, सेंटिमीटरचा झाला. नाल्याच्या तोंडाच्या बांध्या गडद, खालच्या फिकट. ग्रामसभेत आधीचा हिरवा कागद मी परत मागितला, सगळ्यांसमोर त्यावर काट मारली आणि काट कशासाठी ते तिथंच लिहिलं, कारण त्याची एक प्रत कुणीतरी घरी नेली होती आणि ‘सरांनी जमीन चांगली म्हटलंय’ हे तोवर दोन गावं फिरून आलं होतं.

सहा बांध्या राहिल्यात. तिथं पऱ्हे टाकून झाले, मग रोवणी. मामा म्हणाले, धान कापून झालं की या जी, कुदळ आमची.