त्या दिवशी हातात काय होतं?

कांद्याच्या भावाचा अंदाज बांधणारी मॉडेलं माझ्याकडे तपासायला येतात. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून कधी विद्यार्थी घेऊन येतात, कधी एखादी कंपनी पाठवते. अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘चूक तीन टक्क्यांच्या आत’ असं ठळक छापलेलं दिसलं की मला धास्ती वाटते. लासलगावच्या लिलावात आठवडाभरात भाव कसा वरखाली होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा आकडा पचणं अवघड. मग मी अहवाल मिटते आणि कोड उघडते.

असंच एका कंपनीचं काम आलं होतं. पुढच्या आठवड्याचा सरासरी भाव शेतकऱ्यांना सांगायचा, त्यावरून चाळीतला उन्हाळ कांदा काढायचा की अजून थांबायचं ते ठरणार. कोड आर भाषेत, नीटनेटका. मॉडेलमध्ये ‘मागच्या आठवड्याची आवक’ नावाचा एक कॉलम होता. तो कॉलम आणि मूळ आवकेचा कॉलम मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आकडे तेच! मागचा आठवडा म्हणून घेतलेली आवक, ज्याचा भाव सांगायचा त्याच आठवड्याची होती.

कारण अगदी बारीक होतं. आरमध्ये ‘लॅग’ नावाची दोन फंक्शनं आहेत. ‘डीप्लायर’ पॅकेजमधलं आकडे खरोखर एक घर खाली सरकवतं. आरमधलं मूळचं मात्र आकड्यांना हातच लावत नाही, फक्त त्यांच्यावरचं काळाचं लेबल बदलतं, आणि साध्या कॉलमवर वापरलं तर त्या लेबलाकडे पुढे कोणी पाहतही नाही. पॅकेज उघडणारी एक ओळ त्या फाइलीतून गळली होती. आरने चूक दाखवली नाही, इशारा दिला नाही, निमूट उत्तर दिलं. मॉडेलच्या हातात परीक्षेआधीच फुटलेला पेपर होता.

एवढ्यावर भागलं नाही. दिवाळीत बाजार समिती बंद असते, त्या आठवड्याचा रकाना रिकामा राहतो. तो भरताना आधीच्या आणि नंतरच्या भावांची सरासरी घेतली होती. म्हणजे सुट्टीनंतर बाजार कुठे उघडणार हे सुट्टीतल्याच आकड्यात दडलेलं! हे दोन्ही दुरुस्त करून मॉडेल पुन्हा चालवलं, तेव्हा ‘या आठवड्याचाच भाव पुढच्या आठवड्यात राहील’ या अंदाजापेक्षा ते सरस ठरलं नाही. तोवर एक हंगाम निघून गेला होता, आणि त्या आकड्यावर विसंबून कांदा धरून ठेवलेल्यांना तो पडत्या भावात विकावा लागला होता. या गोष्टीचा मला आजही राग येतो, कारण मूळ आणि सरकवलेला कॉलम शेजारी ठेवून पहिल्या दहा ओळी वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते : ज्या दिवशी अंदाज द्यायचा, त्या दिवशी हातात काय होतं? प्रत्येक कॉलमसाठी याचं उत्तर कागदावर लिहून काढा. पायथॉन वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. सायकिट-लर्नमधलं डेटा विभागणारं नेहमीचं फंक्शन आपण अडवलं नाही तर सगळ्या नोंदी पिसून टाकतं. मग मॉडेल ऑक्टोबरचा भाव शिकून सप्टेंबरचा ‘अंदाज’ देतं. काळाच्या क्रमानेच चालावं : एका तारखेपर्यंतचा डेटा घ्या, पुढचा आठवडा सांगा, ताडून पाहा, मग तारीख एक आठवडा पुढे सरकवा आणि पुन्हा सगळं करा. रिकामे रकाने भरणं, आकडे एका मापात आणणं, उपयोगी कॉलम निवडणं, हेही प्रत्येक फेरीत नव्याने, फक्त त्या तारखेपर्यंतच्या डेटावर. संगणकाला वेळ लागतो. लागू द्या. रॉब हाइंडमन आणि जॉर्ज अथानासोपोलस यांचं या विषयावरचं पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं, त्यात ही रीत आरमधल्या कोडसह दिली आहे.

कॉलम निवडण्याचा सापळा तर आपल्या देशाला जुना ओळखीचा आहे. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्येच बजावलं होतं की पुष्कळ घटक तपासून त्यांतला सर्वांत मोठा सहसंबंध उचलला, तर तो निव्वळ योगायोगानेही मोठा दिसू शकतो. पुढे १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांच्या सोळा घटकांच्या मॉडेलवरून मोसमी पावसाचा अंदाज दिला जाऊ लागला. २००१ पर्यंत सगळं सुरळीत दिसलं. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत नेहमीच्या जेमतेम निम्मा. ते काम मनापासून केलेलं होतं, आणि गोवारीकरांबद्दल मला आदरच आहे. पण आधीच्या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नव्हता; ‘यंदा दुष्काळ नाही’ एवढंच म्हणत राहणाराही प्रत्येक वर्षी बरोबर ठरला असता. अशा काळात मॉडेलची खरी परीक्षा झालेलीच नसते.

तेव्हा साध्या अंदाजाशी तुलना केल्याशिवाय कुठलाही अहवाल मी मान्य करत नाही. स्पायरॉस मॅक्रिडाकिस यांच्या २०१८ च्या एम-४ स्पर्धेत एक लाख कालमालिका होत्या. निव्वळ मशीन लर्निंगच्या सहांपैकी एकही पद्धत तीन साध्या पद्धतींच्या सरासरीला मागे टाकू शकली नाही. जिंकली ती जुनी घातांकी सरासरी आणि न्यूरल नेटवर्क एकत्र गुंफणारी पद्धत. नव्याला माझा विरोध नाही, पण जुन्यासमोर उभं राहून त्याने स्वतःला सिद्ध करावं.

आणि एकच आकडा देऊ नका. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यातबंदी जाहीर केली. असा निर्णय मागच्या भावांत कुठेच लिहिलेला नसतो. त्या कंपनीला मी पट्टा द्यायला सांगितलं : दहांपैकी आठ वेळा भाव या दोन आकड्यांच्या मध्ये राहील, असा. आणि खरोखर आठ वेळा राहतो का, तेही प्रत्येक हंगामात मोजायला. पट्टा रुंद निघाला. शेतकऱ्यांना एवढं कळणार नाही, असं तिथल्या एका अधिकाऱ्याचं मत होतं. बैठकीत पहिलाच प्रश्न एका शेतकऱ्याने विचारला, “मॅडम, खालचा आकडा किती?” चाळीतली सड, वजनातली घट आणि डोक्यावरची उधारी धरून थांबणं परवडतं का, ते त्याला त्याच आकड्यावरून ताडायचं होतं.