‘हरिजन’ हे आमचे नाव नव्हे



दीक्षा घेऊन घरी गेल्यावर पहिली अडचण येते ती नावाची. आपण सांगतो, आम्ही बौद्ध. ऐकणारा मान हलवतो आणि दुसऱ्याला सांगताना म्हणतो, ‘हरिजनांपैकी आहेत.’ त्याच्या मनात वाईट असेलच असे नाही. पुष्कळांना तो शब्द सभ्य वाटतो, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे जड जाते. शिवीला माणूस ताडकन उत्तर देतो. गोड शब्दापुढे मात्र तो ओशाळतो. आजच्या पाठात या गोड शब्दाचाच विचार करू.

सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. वसल म्हणजे हीन, बहिष्कृत. तथागत श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरत असता अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या घराकडे आले. घरात अग्नी पेटलेला, आहुतीची तयारी झालेली. त्याने दुरूनच तथागतांना मुंडका म्हटले, वसल म्हटले आणि तिथेच थांबायला फर्मावले. लक्षात घ्या, हा शब्द प्रत्यक्ष भगवान बुद्धांना लावला गेला होता! त्यांनी उलट शिवी दिली नाही, आणि मान खाली घालून ते निघूनही गेले नाहीत. त्यांनी विचारले, वसल कोणाला म्हणतात आणि माणूस कशाने वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय? ब्राह्मणाला ते सांगता येईना. मग तथागतांनीच समजावून दिले. जो रागीट आणि वैर धरणारा, कर्ज काढून नाकबूल होणारा, ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, तो वसल. जन्माने कोणी वसल होत नाही. चांडाळाच्या पोटी जन्मलेल्या मातंगाचे उदाहरणही त्यांनी दिले.

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे मला या सुत्तातली प्रश्न विचारण्याची रीत फार मोलाची वाटते. शब्द वापरणाऱ्यालाच त्याचा अर्थ सांगायला लावला की निम्मे काम होते.

तोच प्रश्न ‘हरिजन’ या शब्दाला विचारू. हरिजन म्हणजे हरीची माणसे. शब्द भक्तीच्या भाषेतला. गांधीजींनी तो अस्पृश्यांसाठी रूढ केला आणि ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. काही अस्पृश्यांनीच हे नाव सुचविले, असे ते सांगत. असेलही. पण समाजाने निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे मत काय होते, हे १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत दिसले. लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात हा शब्द घालायचा होता. दादासाहेब गायकवाड विरोधाला उभे राहिले. अस्पृश्य ही देवाची माणसे, तर स्पृश्य ही काय राक्षसांची, असा त्यांचा सवाल होता. विरोध बहुमताने फेटाळला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले.

एका शब्दासाठी सभात्याग? हो. दोन वर्षे आधी, ३१ मे १९३६ रोजी, मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी नामांतराचा विचार मांडला होता. चोखामेळा, हरिजन अशी नावे घेऊन काही साधणार नाही, कारण धर्म तोच राहिला तर जुन्या नावाची घृणा नव्या नावालाही चिकटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे खेड्यापाड्यांत तसेच घडले. लोक महारवाड्याला हरिजनवाडा म्हणू लागले. वस्ती गावाबाहेर होती तिथेच राहिली आणि पाणवठा निराळा तो निराळाच.

सरकारदरबारी हे उमजायला वेळ लागला. जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नये, असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले ते १९८२ मध्ये. हा शब्द आज अपमान करण्यासाठी वापरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात म्हटले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला.

तुम्ही विचाराल, मग दाखल्यावर मूळ जात लागते तिचे काय? ती लावा, संकोच करू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, आणि त्या हक्कासाठी ती नोंद लागते. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे. पुरावा कपाटात जपून ठेवायचा असतो, त्याने कोणी हाक मारायची नसते. ‘नवबौद्ध’ या शब्दाचेही तसेच. १९५६ पासून तीन पिढ्या झाल्या, अजून आम्ही नवेच! कागदावर असेल तिथे तो असू द्या, आपल्या तोंडाने ‘बौद्ध’ एवढेच सांगा.

आता एक कडू गोष्ट. आपल्या घरातही भांडण झाले की शेजारच्या मातंग, चर्मकार, कैकाडी कुटुंबाचा उद्धार त्यांच्या जातीवरून होतो. सोयरीक जुळवताना तर काय काय बोलले जाते! मूल कोपऱ्यात बसून ऐकते आणि मधल्या सुट्टीत वर्गमित्राला तेच म्हणते. मी हे माझ्या कानांनी ऐकले आहे. अशा वेळी वसलसुत्तातला प्रश्न आपल्यालाच विचारलेला असतो. हरिजन म्हटल्यावर आपल्याला जे लागते, तेच त्या मुलाला लागते.

येत्या पौर्णिमेला विहारात वसलसुत्ताचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचा. आयाबहिणींना समोर बसवा. घरी मुलांकडून दोन वाक्ये पाठ करून घ्या : ‘आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही म्हणालात त्या शब्दाचा अर्थ काय?’ मुलाने आवाज न चढवता विचारावे, गुरुजींनाही विचारावे. चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने कोणी हा शब्द वापरला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करता येते, हे घरातल्या मोठ्यांनी ठाऊक करून घ्यावे. गुरुजी मुलावर रागावले, तर दुसऱ्या दिवशी आईबापांनी दोघांनीही शाळेत जावे. मुलाला एकटे पाठवू नये.