हजेरीतला 'हजर' आला कुठून?



आमच्या नवी मुंबईच्या वर्गात हजेरीला कुणी 'हजर मॅडम' म्हणतं, कुणी हिंदीतलं 'हाजिर', कुणी 'प्रेझेंट'. यंदा दुबईहून आलेली एक मुलगी 'हादिर' म्हणाली. वर्ग हसला. आणि मी काय केलं? 'हादिर नाही गं, हजर!' म्हणून मोकळी झाले. पुढचे दोन दिवस ती नुसता हात वर करायची.

चूक माझीच होती. मूळ अरबी शब्द 'हादिर'च आहे. तिथल्या अरबीच्या तासाला ती तेच शिकली होती. त्यातला 'द' मात्र आपल्यासारखा नाही, जाड आहे. त्या अक्षराचं नाव 'दाद', आणि अरब लोक आपल्या भाषेलाच 'दादची भाषा' म्हणतात. फारसीत हा उच्चार नव्हता, तिथे त्याचा 'झ' झाला. आपल्याकडे शब्द आला तो दरबारातल्या फारसीतून, म्हणून आपला 'हजर'. रमदान आणि रमजान यांतला फरकही याच अक्षराचा.

अर्थही गावोगावी बदलला बरं का! इजिप्तमध्ये 'हादिर' म्हणजे 'हो, करतो'. तुर्कीत साधारण 'हाझर' म्हणतात, अर्थ 'तयार'. इंडोनेशियात 'हादिर', म्हणजे चक्क उपस्थित.

आपल्याकडे तर अख्खं कुटुंबच आहे: हजेरी, गैरहजर, हजरजबाबी. 'हुजूर'ही त्यातलाच. मूळ अर्थ उपस्थिती, मग राजाची उपस्थिती, मग राजाच! पुण्याची १८८४ सालची मुलींची शाळा 'हुजूरपागा' म्हणून ओळखली जाते, कारण ती जागा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची.

वर्गात घ्यायचं असेल तर मुलांच्या 'रजेच्या अर्जा'पासून सुरुवात करा. रजा म्हणजे मुळात 'रिदा', संमती. अर्ज म्हणजे 'अर्द', समोर मांडणं. दोन्हीतला 'ज' हा तोच दाद! कर्ज, मर्जी, काजी, जामीन यांतही तोच. पण प्रत्येक 'ज'ला अरबी ठरवू नका हं. 'हजार' आणि 'जमीन' हे फारसीच आहेत, 'हजर'शी त्यांचं काही नातं नाही.

तिसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तिला सॉरी म्हटलं आणि 'हादिर' फळ्यावर लिहायला लावलं. परवाच्या हजेरीला निम्मा वर्ग 'हादिर' ओरडत होता. ती मात्र वैतागून एकेकाचा 'द' दुरुस्त करत होती. माझाही केला.