परक्या शहरातील पहिले दिवस : मदयनच्या विहिरीवरील धडा

अल्लाहच्या अनेक प्रेषितांना आपला मुलूख सोडून परक्या भूमीत पाऊल ठेवावे लागले. त्यांपैकी हजरत मूसा (अलै.) यांच्या एकट्याने केलेल्या प्रवासाचा वृत्तांत दिव्य कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये (आयत २२ ते २८) आला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, देसाईगंज वा अहेरीहून रोजगारासाठी दुबई, रियाध किंवा जेद्दा गाठणाऱ्या तरुणाने आणि त्याच्या घरच्यांनी या सात आयती निघण्यापूर्वी एकत्र बसून वाचाव्यात. ओळखीच्या माणसांत वाढलेला मुलगा अशा शहरात उतरतो, जेथे त्याला हाक मारणारे कोणी नसते. या पहिल्या दिवसांत जी सवय जडते, ती बहुधा पुढेही टिकते.

हजरत मूसा (अलै.) मिसरहून निघाले तेव्हा जीवाला धोका होता आणि सोबत कोणी नव्हते. वाटेवर त्यांनी सरळ मार्गाची याचना केली. मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचताच त्यांना दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या असलेल्या दिसल्या. स्वतः थकलेले असूनही त्यांनी चौकशी केली व त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. मोबदला मागितला नाही. मग सावलीत जाऊन आपली गरज फक्त अल्लाहपुढे मांडली. त्याच दिवशी त्यांना आश्रय व काम दोन्ही मिळाले. परक्या गावात ओळख वाढते ती अशी. आपल्याला काय मिळेल हे पाहण्याआधी आपण कोणाच्या उपयोगी पडू शकतो, हे पाहावे.

त्या घरातील मुलीने त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस केली, ती दोन गुणांवर : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. पुढे जो करार झाला त्यात मुदत स्पष्ट होती. आठ वर्षे, आणि स्वखुशीने दहा. अल्लाहला साक्षी ठेवले गेले. म्हणून पगार, कामाचे तास व मुदत लेखी समजून घेणे हा अविश्वास नव्हे, ती प्रेषितांची रीत आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून तेथे नोकरी लावून देतो, असे म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा आहे, त्याने सरकारी मंजुरीशिवाय आखाती देशात कामाला जाऊ नये. कराराची व पासपोर्टची एक प्रत घरी ठेवावी.

आपल्या जिल्ह्यांत वाघाचा वावर असलेल्या वाटेने कोणी एकटा जात नाही. दोघे-चौघे मिळून जातात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही रात्री एकट्याने प्रवास करण्यातील धोक्याची जाणीव दिली आहे. गरजेपोटी एकट्याने जावे लागले, तरी पोहोचल्यावर एकटे राहू नये. पहिल्याच दिवशी जवळची मशीद शोधावी आणि निदान एक नमाज रोज जमाअतीने अदा करावी. नेक सोबती तेथेच भेटतात.

नमाजेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. परदेशात आहोत म्हणजे आपण मुसाफिर, असे समजून काहीजण महिनोन्महिने कस्र करतात. हनफी मतानुसार सुमारे ७७ किलोमीटरच्या (काही उलमांच्या मते ९२) प्रवासास निघालेला माणूस आपल्या वस्तीची हद्द ओलांडल्यापासून चार रकअतींचे फर्ज दोन रकअती अदा करतो. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास असल्याने विमानतळापर्यंतच्या वाटेवर कस्र आहे. परंतु ज्या शहरात पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा आहे, तेथे पोहोचताच तो मुकीम होतो. नोकरीला गेलेल्याने पहिल्या दिवसापासून पूर्ण नमाज अदा करावी. स्थानिक इमामाच्या मागे तर मुसाफिरालाही पूर्णच नमाज आहे. तेथे असरची अजान आपल्यापेक्षा लवकर होते. त्यामुळे गोंधळून जमाअत सोडू नये, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांचेही मत त्याच वेळेच्या बाजूने आहे.

घराची आठवण येणे हा ईमानचा कमकुवतपणा नव्हे. हिजरतीनंतर मदीनेत हजरत अबू बक्र (रजि.) व हजरत बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले. हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या आठवणीने व्याकूळ होत. प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. मक्केइतकीच, किंबहुना अधिक, मदीना आम्हाला प्रिय कर, अशी दुआ केली. आई-वडिलांनीही फोनवर पहिला प्रश्न पैशांचा विचारू नये. जेवलास का, झोप लागते का, नमाज कोठे अदा करतोस, हे विचारावे. कर्ज काढून गेलेला मुलगा तिकडची अडचण घरच्यांना सांगण्यास कचरतो. ती सांगण्याचे धैर्य त्याला या प्रश्नांतूनच मिळते.

निरोप देताना मुलाचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहच्या हवाली करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाह आपल्या प्रवासी मुलांचे रक्षण करो व त्यांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.