तयार घर घेताना काय पाहावे?



2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. मुलांच्या शाळेसाठी तहसिलीच्या गावी तयार घर घ्यावे काय, असे पुष्कळजण आम्हांला विचारतात. अवश्य घ्यावे. पण मृग बहाराचा संत्रा विकून फाल्गुनात पैसा हाती आला की लगेच इसार देण्याची घाई होते, ती बरी नव्हे. फाल्गुनात प्रत्येक घर कोरडेच असते, आणि विकणाऱ्याने नुकताच चुना मारलेला असतो.

अमेरिकेत खरेदीपूर्वी घर तपासून लेखी अहवाल देणारे लोक असतात. आपण एखाद्या जाणत्या गवंड्याला दिवसाची मजुरी देऊन हे काम करून घ्यावे. मात्र तो विकणाऱ्याचा किंवा दलालाचा माणूस नसावा.

आधी पाया पाहावा. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला आपण शुभवर्तमानात ऐकला आहे; आपल्याकडे वाळूचे काम काळी माती करते. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. शेतात तिच्या भेगा दिसतात, घराखाली दिसत नाहीत. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते. सगळे घर सारखे हलले तर फारसे बिघडत नाही. पण मोरीचे पाणी मुरते तो कोपरा फुगलेला राहतो, भिंतीलगतचे मोठे झाड आपल्या बाजूची माती सुकवते, आणि मधली भिंत तडकते. मुरूम किती खोल आहे हे कळण्यासाठी शेजारची कच्ची विहीर वाकून पाहावी; काळी माती कोठे संपते ते तिच्या कडेला दिसते. मग पाया किती फूट खणला होता, ते घर बांधणाऱ्या मिस्त्रीलाच विचारावे.

गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना भिऊ नये. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पायाची खबर देते. एका घरी कॅलेंडर फारच खाली टांगलेले पाहून आम्ही ते उचलले, तर मागे अशीच भेग निघाली! म्हणून कपाटे सरकवावीत. शक्य असल्यास भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून काही महिने थांबावे. पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे.

ओल उन्हाळ्यातही खूण ठेवते. जोत्याजवळचा पांढरा लोणा, पोपडे, छताला पिवळे डाग हे पाहावे. स्लॅबखाली काठीने ठोकावे. पोकळ आवाज आला किंवा गंजाचे डाग असले तर आतली सळई खराब झाली असण्याचा संभव आहे. कवेलूच्या घरात मयालीची भिंतीत शिरलेली टोके टोचून पाहावीत, वाळवी तेथून लागते. दगडमातीच्या जुन्या भिंतींवर जड छत असेल तर अधिक विचार करावा. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

विहीर किंवा हातपंप संडासाच्या शोषखड्ड्यापासून निदान 50 फूट दूर हवा. शेजाऱ्याचा खड्डाही मोजावा, कारण पाणी कुंपण ओळखत नाही. जुलाब आणि कावीळ याच वाटेने घरात येतात.

हे सर्व आपणच का पाहायचे? मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने ठाऊक असलेले छुपे दोष सांगितलेच पाहिजेत. परंतु साध्या सावधपणे पाहिल्यास घेणाऱ्याला जो दोष दिसला असता, तो सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कॅलेंडरमागची भेग छुपी की उघडी, यावर वकील वर्षानुवर्षे भांडतील. त्यापेक्षा सापडलेले दोष व त्यांची दुरुस्ती कोण करणार, हे इसारचिठ्ठीतच लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि विकणारा थांबायला तयार असेल, तर श्रावणाच्या झडीत एकदा जाऊन छताखाली उभे राहावे.