गुप्तांगावरील फोड : कारणे आणि काळजी

हातापायावर फोड उठला तर माणूस तो चार जणांना दाखवितो. मात्र जननेंद्रियावर फोड उठताच तोच माणूस अबोल होतो, आणि लोकलज्जेस्तव भोंदू वैद्याकडे जातो किंवा दुकानातून एखादे मलम आणून लावतो. वास्तविक अशा फोडांची कारणे अनेक असून ती सर्वच लैंगिक संबंधातून उद्भवतात असे नाही. फोड ताजा असताना कारण ओळखणे सोपे असते; नेमके तेच दिवस लपवाछपवीत वाया जातात.

फोडांची कारणे

घट्ट कपड्यांचे घर्षण झाल्यास त्वचेवर पाणीदार फोड येतो. घरगुती उपचारासाठी हाताळलेल्या बिब्ब्याचे तेल बोटांवाटे या नाजूक त्वचेस लागले, तरीही मोठे फोड उठतात. खरजेत शिश्नावर व अंडकोशावर खाजऱ्या पुटकुळ्या येतात. रात्री खाज वाढते व बोटांच्या बेचक्यांतही पुरळ दिसते. अशा वेळी घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेणे आवश्यक असते.

काही व्यक्तींना वेदनाशामक, सल्फा किंवा टेट्रासायक्लिन गटातील औषधांची ॲलर्जी असते. औषध घेतल्यावर दर वेळी त्याच जागी फोड येतो व मागे काळसर डाग राहतो. त्या औषधाचे नाव लिहून ठेवून ते प्रत्येक डॉक्टरास सांगावे.

झिणझिण्या वा आग होऊन लहान, दुखरे फोड पुंजक्याने उठले, तर हर्पीसचा संभव असतो. ते फुटून जखमा होतात व बहुधा दोन ते चार आठवड्यांत भरून येतात. परंतु विषाणू मज्जातंतूंत सुप्त राहत असल्याने फोड पुन्हा येऊ शकतात. असायक्लोव्हिरने त्रास कमी होतो, विषाणू समूळ नष्ट होत नाही. हा संसर्ग वर्षानुवर्षे लक्षणांविना राहू शकतो. म्हणून पहिल्यांदा फोड आले यावरून जोडीदाराच्या चारित्र्यावर संशय घेणे अन्यायाचे ठरते.

उपदंशात फोडापेक्षा बहुधा न दुखणारा व्रण होतो. तो उपचाराविना तीन ते सहा आठवड्यांत भरतो, पण रोग शरीरात राहतो. रक्ततपासणीने त्याचे निदान होते आणि पेनिसिलिनने तो बरा होतो.

घ्यावयाची काळजी

फोड फोडू नये. जागा साध्या पाण्याने धुऊन हलकेच टिपून कोरडी करावी, सैल सुती कपडे वापरावेत व हात साबणाने धुवावेत. चुना, राख, तीव्र जंतुनाशक द्रावण किंवा स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. जखम पूर्ण भरेपर्यंत शरीरसंबंध टाळावा. निरोधने संसर्गाचा धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. पत्नी गरोदर असल्यास डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे, कारण हर्पीस व उपदंश या दोहोंपासून बाळास धोका संभवतो.

ताप येणे, लघवी अडणे, सूज झपाट्याने पसरणे, त्वचा काळी पडणे किंवा तोंडात व डोळ्यांतही फोड येणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उपलब्ध सोयी

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये येथील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा रुग्णांची विनामूल्य तपासणी व समुपदेशन केले जाते. जननेंद्रियावरील जखमांमुळे एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका वाढत असल्याने ती तपासणीही करून घेणे हिताचे असते. एचआयव्हीविषयक माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या कायद्याने घातलेले आहे. 1097 या क्रमांकावर दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळतो.

शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी आणि पंचायत सदस्यांनी ही माहिती योग्य शब्दांत गावापर्यंत पोहोचवावी. मदत मागणाऱ्याची चर्चा चावडीवर होणार नाही, असा विश्वास गावात निर्माण झाला, तर रुग्ण भोंदू वैद्याकडे न जाता वेळेवर दवाखान्याची वाट धरील.