चक्रीवादळाचा वारा कागदावर

“वादळात वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटर होता” असे वाचले की एक शंका मनात यावयास हवी. हा वेग मोजला कोणी? भर समुद्रात वेगमापक घेऊन कोणी उभे नसते आणि किनाऱ्यावरची उपकरणे अशा वाऱ्यात पुष्कळदा निकामी होतात. हा आकडा बहुतेक वेळा गणिताने काढलेला असतो. ते गणित तुम्हांलाही करता येईल.

दाबावरून वेग

चक्रीवादळाच्या केंद्रात हवेचा दाब फार कमी असतो. त्यामुळे भोवतालची हवा केंद्राकडे ओढली जाते. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वळते आणि केंद्राभोवती फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. दोरीला दगड बांधून गरगर फिरवा. दोरीचा ताण दगडाला वर्तुळात ठेवतो. वादळात हे काम दाबातील फरक करतो. वर्तुळाकार गतीसाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दाबातील घट चौपट झाली, तर वेग दुप्पट होतो.

मिश्रा आणि गुप्ता यांनी १९७६ साली भारतीय समुद्रांतील वादळांसाठी हे सूत्र मांडले :

कमाल वेग (नॉट) = १४.२ × √दाबातील घट (हेक्टोपास्कल)

एक हेक्टोपास्कल म्हणजे जुन्या पुस्तकांतील एक मिलिबार. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आता २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ धडकलेले महाचक्रीवादळ घेऊ. उपग्रहाच्या चित्रांतील ढगांच्या रचनेवरून त्याच्या केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कल असावा, असा अंदाज बांधला गेला. बाहेरचा दाब १०१० धरला, तर घट ९८. तिचे वर्गमूळ ९.९. गुणाकार १४०.६ नॉट, म्हणजेच ताशी सुमारे २६० किलोमीटर. हवामान खात्याने ठरवलेला वेगही हाच आहे.

केंद्रापासून दूर जाताना

हा वेग सगळीकडे नसतो. केंद्रात, म्हणजे वादळाच्या ‘डोळ्यात’, वारा जवळजवळ पडलेला असतो. डोळ्याभोवती ढगांची उंच भिंत असते. कमाल वेग तेथे. त्याच्या बाहेर तो उतरत जातो. घर्षण मुळीच नसते, तर अंतर दुप्पट झाल्यावर वेग निम्मा झाला असता. प्रत्यक्षात तो सावकाश उतरतो : ढोबळमानाने अंतर चौपट झाले की वेग निम्मा. कमाल वेग केंद्रापासून २० किलोमीटरवर ताशी २०० असेल, तर ८० किलोमीटरवर तो ताशी १०० च्या आसपास धरावा.

डोळा गावावरून जात असताना वारा थांबतो. वादळ संपले असे समजून बाहेर पडणारे येथेच फसतात. थोड्याच वेळात भिंतीची दुसरी बाजू येते आणि वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुटतो.

जमिनीचे घर्षण

आपल्याला हवा असतो तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा वारा. समुद्राच्या लाटा, झाडे, घरे यांच्या घर्षणामुळे तो वरच्या वाऱ्यापेक्षा मंद असतो आणि थोडा केंद्राकडे कललेलाही असतो. म्हणून वरच्या थरातील वेग हिशेबात घेतला असेल, तर तो कमी करून घ्यावा लागतो.

उजवी बाजू अधिक घातक

वादळ स्वतःही पुढे सरकत असते. त्याच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला फिरण्याचा व सरकण्याचा वेग एकाच दिशेला असतात. डाव्या बाजूला ते एकमेकांविरुद्ध असतात. बंगालच्या उपसागरातून वायव्येकडे जाणारे वादळ ओडिशावर आले की उजवीकडचा वारा समुद्राचे पाणी जमिनीवर लोटतो. १९९९ मध्ये ५ ते ६ मीटर उंचीचे पाणी आत शिरले आणि जगतसिंहपूर जिल्ह्यात सर्वांत मोठी प्राणहानी झाली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ ईशान्येकडे जात रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मुंबई डाव्या बाजूला राहिली.

हे सर्व नकाशावर मांडले की कोणत्या गावाला किती वारा लागेल आणि पाणी कोठे चढेल, याचा अंदाज वादळ येण्यापूर्वीच करता येतो. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फानी’ हे भयंकर वादळ आले, तेव्हा बारा लाखांवर लोकांना आधीच हलवले होते. बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. याचे श्रेय एकट्या गणिताचे नव्हे. पक्के निवारे, गावोगाव पोहोचलेली सूचना आणि ती पाळणारी माणसेही हवीत. पण कोणत्या गावातून माणसे हलवायची, हे ठरवायला आधी हा हिशेब लागतो.

करून पाहा : केंद्रातील दाब ९८५ आणि बाहेरचा १०१० हेक्टोपास्कल असल्यास कमाल वेग किती? (उत्तर : ७१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३१ किलोमीटर.)